मांजर नखं घासणारच, सोफा कसा वाचवायचा ते बघा

नवीन सोफा घरात आला की पहिले दोन दिवस सगळे त्यावर जपून बसतात, कप लांब ठेवतात, वरचं प्लास्टिक काढायचं की राहू द्यायचं यावर चर्चा होते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मांजर उठतं, सावकाश चालत सोफ्याच्या कोपऱ्यापाशी येतं, मागच्या पायांवर उभं राहतं आणि खर्र खर्र खर्र. हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. माझ्याकडे एक बोका आणि एक भाटी आहे, आणि त्या दोघांच्या पायी एक सोफा, दोन खुर्च्या आणि स्पीकरची जाळी गेल्यावर जे कळलं ते लिहितेय. बरंचसं चुका करून कळलंय, तुमच्या तेवढ्या वाचल्या तरी खूप.

आधीच सांगते, मांजराचं नखं घासणं बंद होत नाही. ओरडून नाही, पाणी मारून नाही, कशानेच नाही. तुम्हाला फक्त जागा बदलता येते. सोफ्यावर घासतंय ते नखं घासायच्या खांबावर घासेल एवढंच आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी खांब हा मांजराच्या मते सोफ्यापेक्षा भारी असावा लागतो. लोक इथेच गंडतात, कारण खांब घेताना आपण आपल्या नजरेने घेतो, छोटासा, गोंडस, वर एक लटकणारा बॉल, कोपऱ्यात मावेल असा. मांजराला त्यातलं काहीच नको असतं.

ते घासतं का हे समजलं की अर्धं काम झालं. मांजराचं नख थरांवर थर असं वाढतं, बाहेरचा थर जुना झाला की तो निघावा लागतो, आणि घासल्यावर तो टोपीसारखा निघून येतो. सोफ्याच्या पायाशी कधीतरी पातळ, पोकळ, अर्धपारदर्शक नख पडलेलं दिसलं तर घाबरू नका, नख तुटलेलं नाही, ती जुनी टोपी आहे, खाली नवं टोकदार नख तयार आहे. दुसरं कारण वासाचं. पंजाच्या बोटांमध्ये ग्रंथी असतात, घासताना त्यातला वास त्या कापडावर राहतो, आपल्याला अजिबात येत नाही पण मांजरासाठी ती पाटी असते, इथे मी राहते अशी. वर ओरखडे दिसतात ते वेगळं. म्हणून तर एकदा घासलेल्या जागी ते परत परत येतं आणि म्हणूनच ते घरातली सगळ्यात मोक्याची जागा निवडतं, जिथे माणसं बसतात, जिथून सगळे जातात येतात. बेडरूमच्या मागच्या अडगळीत कोण कशाला पाटी लावेल. तिसरं म्हणजे आळस. झोपून उठल्यावर नखं कशात तरी रुतवून पाठ आणि खांदे ताणायचे, ते ताणणं वस्तू हलली तर होत नाही. आणि चौथं, नुसता उत्साह. तुम्ही दारातून आत आलात की धावत जाऊन दोनदा घासणारं मांजर रागावलेलं नसतं, त्याला आनंद झालेला असतो, तो कुठेतरी काढायचा असतो इतकंच.

आता एक आठवडा काही विकत घेऊ नका, फक्त बघा. कुठे घासतं, कधी घासतं, उभं राहून घासतं की आडवं, आणि त्या वस्तूला कापड कसलं आहे. उभं राहून सोफ्याच्या हातावर घासणाऱ्याला उभा खांब लागतो. पायपुसणं, गालिचा, दारातली चटई फाडणाऱ्याला आडवी पाटी, म्हणजे जमिनीवर ठेवायची घासायची सपाट फळी लागते, त्याच्यासाठी कितीही भारी खांब आणला तरी ते त्याच्या शेजारी बसून गालिचाच फाडेल. काहींना तिरकं आवडतं, उतरत्या फळीवर. माझा बोका उभं घासतो आणि भाटी आडवं, दोघं एकाच घरात एकाच वयाची, त्यामुळे मांजराला हे आवडतं असं कोणी सरसकट सांगितलं तर फार विश्वास ठेवू नका. ओरखडे जमिनीपासून किती उंचीवर आहेत तेही टेपने मोजून ठेवा, खांबाची उंची ठरवायला उपयोगी पडेल.

खांब कसा हवा

उंची. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पुढचे पंजे पूर्ण वर ताणेल त्याहून खांब उंच हवा. मोठ्या मांजरासाठी साधारण ८० ते ९० सेंटीमीटर, म्हणजे तीन फुटांच्या आसपास. दुकानात दिसणारे दीड फुटी खांब पिल्लांसाठी ठीक, सहा महिन्यांनी त्यांचा उपयोग पाय अडकून पडण्यापुरता.

वजन. हे उंचीपेक्षाही महत्त्वाचं, आणि माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. पहिला खांब आणला तो हलका होता, बोक्याने पहिल्याच दिवशी जोरात ओढला आणि तो त्याच्या अंगावर आडवा झाला. त्यानंतर तो त्या खांबाच्या बाजूने सुद्धा जाईना, तीन महिने लांबून वळसा घालून जायचा, मी खाली जड लाद्या ठेवल्या, पाट बदलला, काही उपयोग नाही, शेवटी तो खांब मी दुसऱ्या कोणालातरी देऊन टाकला. सोफा कधी हलत नाही हे लक्षात ठेवा, तुमची स्पर्धा त्याच्याशी आहे. विकत घेताना वरच्या टोकाला हात लावून जोरात आपल्याकडे ओढून बघा, जराही डुगडुगला तर घेऊ नका. आधीच घेतलेला असेल तर खालचा पाट मोठ्या प्लायवर स्क्रूने ठोका किंवा खांबच भिंतीला पट्टी मारून पक्का करा.

वरचं आवरण. बहुतेक मांजरांना सिसल आवडतं, म्हणजे घायपाताच्या जातीच्या झाडाचा तो खरखरीत दोर. त्यात नख रुततं, ओढलं जातं आणि सुटतं, तिन्ही गोष्टी होतात. सिसलचं विणलेलं जाड कापडही मिळतं, ते दोरापेक्षा बरं पडतं असं माझं मत, कारण गुंडाळलेल्या दोरात आडव्या रेघा असतात आणि मांजर वरून खाली ओढतं, कापडात नख सरळ खाली येतं. पण कापड मिळायला जरा त्रास होतो, दोरावरही काम भागतं. कार्पेट गुंडाळलेले खांब मात्र मी टाळते, घरात जमिनीवर पण कार्पेट असेल तर मांजराने फरक कसा करायचा. पन्हळी पुठ्ठ्याच्या पाट्या आडवं घासणाऱ्यांसाठी मस्त, स्वस्तही असतात, कचरा खूप होतो पण तो पुठ्ठ्याचा, सोफ्याच्या आतल्या फोमचा नाही. काही मांजरांना साधं न रंधलेलं लाकूडच आवडतं, सालीसकट एखादा जाड ओंडका आणून टाकला तर बाकी कशाकडे बघत नाहीत.

घरी करायचा असेल तर अवघड नाही. १० सेंटीमीटर जाडीचा लाकडी खांब किंवा जाड पाइप घ्या, ८५ सेंटीमीटर उंच, खाली किमान ५० बाय ५० सेंटीमीटरचा जाड प्लाय. दोर किती लागेल याचा हिशेब लोक नेहमी कमी करतात आणि मग अर्ध्यात संपतो. १० सेंटीमीटर जाडीच्या खांबाला एक वेढा म्हणजे दोराची जाडी धरून साधारण ३४ सेंटीमीटर, दोर ८ मिलिमीटरचा असेल तर ८० सेंटीमीटर उंचीत १०० वेढे बसतात, म्हणजे ३४ मीटर आणि वर थोडा, ३६ मीटर धरा. दोर १० मिलिमीटरचा घेतला तर ८० वेढे, २७ मीटरच्या पुढे थोडा, ३० घ्या. पहिला वेढा खाली, टोक खिळ्याने पक्कं, खिळ्याचं डोकं लाकडात पूर्ण बसलेलं आणि त्यावर पुढचे वेढे यायला हवेत म्हणजे पंजाला लागणार नाही. मग सुतारकामाचा पांढरा गम थोडा थोडा लावत घट्ट ओढत वर जायचं, पाचसहा वेढे झाले की हातोडीने हळूच खाली ठोकून फटी बुजवायच्या. ढिला वेढा राहिला की महिन्याभरात अख्खा दोर सरकतो. गम पूर्ण सुकेपर्यंत, एक दिवस तरी, मांजराला लांब ठेवा. आणि पाइप वापरला तर तो आतून वाळू भरून दोन्ही टोकं बंद करा, नाहीतर वजन येत नाही आणि घासताना पोकळ आवाज येतो तो काहींना आवडत नाही.

खांब ठेवायचा कुठे

इथे घरातल्या माणसांशी भांडण होतं. खांब ठेवायचा त्या फाटलेल्या कोपऱ्याच्या अगदी समोर, चिकटून, हॉलच्या मधोमध दिसला तरी चालेल. सगळ्यांना तो बाल्कनीत किंवा कपाटामागे हवा असतो कारण दिसायला बरा दिसत नाही, पण वर सांगितलं तसं ती पाटी आहे, पाटी गल्लीच्या तोंडाशी लागते. दुसरा खांब मांजर जिथे झोपतं तिथे, दोन पावलांवर, कारण उठल्या उठल्या आधी घासायचं असतं. तिसरा जमलं तर दाराजवळ, त्या उत्साहासाठी. दोन मांजरं असतील तर खांब किमान तीन, आणि सगळे एकाच खोलीत नकोत, कारण एक मांजर दुसऱ्याला वाट अडवून बसतं हे आपल्याला दिसत नाही पण चालू असतं.

खांब जवळ ठेवला त्याच दिवशी सोफ्याचा तो कोपरा बेकार करायचा. दोन्ही एकाच वेळी, हे फार महत्त्वाचं आहे. नुसता कोपरा झाकला तर ते शेजारचा कोपरा पकडेल, नुसता खांब ठेवला तर दोन्हीवर घासेल. कोपरा बेकार करायला सगळ्यात चांगली म्हणजे रुंद दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, पंजाच्या गादीला चिकट लागलेलं मांजराला अजिबात सहन होत नाही. आधी सोफ्याच्या मागे न दिसणाऱ्या जागी लावून दोन दिवसांनी काढून बघा, काही कापडांवर आणि लेदरवर डाग पडतो. लेदर असेल तर सरळ गुळगुळीत पारदर्शक प्लास्टिकची जाड शीट लावा, नख रुतलंच नाही तर मजा येत नाही आणि ते सोडून देतं. ॲल्युमिनियम फॉइलही चालतं, पण ते चावणारी मांजरं असतात, तशी असतील तर नको. काहीच नसेल तर जाड घट्ट विणीची चादर कोपऱ्याभोवती ताणून खाली खोचा, सैल सोडलीत तर तिच्यावर लोंबकळायला अजून मजा. आणि झाकायच्या आधी तो कोपरा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसून घ्या म्हणजे जुना वास कमी होतो.

खांबाकडे ओढण्यासाठी कॅटनिप, म्हणजे मांजरांना चढणारी पुदिन्याच्या कुळातली वनस्पती, चोळता येतं. ते सगळ्यांना चढत नाही, साधारण तीनपैकी दोन मांजरांना, ते आनुवंशिक असतं, आणि तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना तर काहीच होत नाही. नाही चढलं तर सिल्व्हर वाइन नावाची वेल असते तिची पावडर बघा, २०१७ साली १०० मांजरांवर झालेल्या एका अभ्यासात जवळपास ८० टक्के मांजरांना तिचा परिणाम झाला होता, आणि ज्यांना कॅटनिप लागू पडलं नाही त्यातल्याही बहुतेकांना. माझ्या भाटीला कॅटनिपने काही होत नाही, ती फक्त शिंकते. दोन्ही नसेल तर दोरीला बांधलेलं पीस खांबावर वर खाली फिरवा, पकडताना नखं लागतात, लागली की तिला स्वतःलाच कळतं की अरे हे बरं आहे. तिचे पंजे धरून खांबावर घासून दाखवू नका हां, अनेकजण करतात, मांजराला जबरदस्ती केलेली कुठलीच गोष्ट आवडत नाही आणि मग खांबाचाच राग धरतं.

खांबावर घासलं की लगेच खाऊ. लगेच म्हणजे दोन तीन सेकंदात, डबा शोधायला स्वयंपाकघरात जाऊन आलात तर तोवर ते दुसरंच काही करत असतं आणि खाऊ त्याचा ठरतो. मी खांबाच्या वर भिंतीला एक छोटी डबी अडकवली होती. सोफ्यावर घासताना दिसलं तर ओरडायचं नाही, टाळी नाही, काही नाही, खांबाजवळ जाऊन आपणच नखांनी खर्र करायचं, ते येतंच बघायला. घरच्यांना वेड लागल्यासारखं वाटतं, वाटू दे.

असं तीन चार आठवडे खांबावरच चाललं की मग खांब हलवता येतो, तेही रोज चार बोटं एवढाच. मी घाई करून एकदम दीड मीटर सरकवला होता, दुसऱ्या दिवशी जुना कोपरा परत सुरू. टेप पण सगळ्यात शेवटी काढायची, आधी एक पट्टी, मग आठवड्याने दुसरी. आणि खरं सांगू, हलवायची गरज असतेच असं नाही, सहा महिन्यांनी तो खांब तुम्हाला दिसेनासा होतो, पाहुणे विचारतात तेव्हाच आठवतो.

पाणी मारायचं का, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. नाही. पाण्याचा फवारा मारला की मांजर थांबतं हे खरं, पण ते शिकतं एवढंच की हा माणूस समोर असताना घासायचं नाही. तुम्ही झोपलात की सुरू. वर तुम्हाला बघून पळायला लागतं ते वेगळं. घाबरलेलं मांजर उलट जास्त घासतं, कारण मग घर आपलंच आहे ना याची खात्री करून घ्यायला जास्त पाट्या लागतात.

नखं कापणं

नखं कापल्याने घासणं थांबत नाही, पण नुकसान बरंच कमी होतं, बोथट नख कापडात तेवढं रुतत नाही. पुढच्या प्रत्येक पंजाला पाच आणि मागच्या प्रत्येकाला चार, अशी एकूण १८ नखं, फर्निचरवर चालतात ती पुढची दहा. दर दोन तीन आठवड्यांनी तेवढीच कापली तरी पुरे. आधी आठवडाभर नुसते पंजे हातात घ्यायची सवय लावा, मांजर झोपाळलेलं असताना, कात्री न दाखवता. मग बोटाने वरून आणि अंगठ्याने खालच्या गादीवर हलकं दाबलं की नख बाहेर येतं. पांढऱ्या नखात आत गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात, त्याला धक्का लावायचा नाही, फक्त पुढचा वाकडा टोकदार भाग, एक दोन मिलिमीटर. काळी नखं असतील तर त्याहून कमी. कात्रीची पाती नखाच्या वर आणि खाली येतील अशी धरा, बाजूंनी दाबलं तर नख चिरतं. माणसांचं नेलकटर नको, त्याने चेंगरतं. एका दिवसात दहा झालीच पाहिजेत असं काही नाही, दोन झाली आणि मांजर वैतागलं तर सोडा, उद्या दोन. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन दोन मिनिटं दाबून धरा, थांबतं, नाही थांबलं तर डॉक्टरकडे. आतल्या बाजूचं अंगठ्यासारखं नख विसरू नका, ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, आणि वाढून गोल फिरून गादीत घुसतं. बाहेर फिरणारं मांजर असेल तर मात्र कापू नका, झाडावर चढून जीव वाचवायला त्याला तीच लागतात.

नखांवर चिकटवायच्या मऊ प्लास्टिकच्या टोप्याही मिळतात. चार ते सहा आठवडे टिकतात, नखाच्या टोपीबरोबर आपोआप गळतात. पाहुणे येणार आहेत, भाड्याच्या घरातलं सामान आहे, अशा वेळी ठीक, कायमचा उपाय म्हणून मला पटत नाही. बरीच मांजरं त्या चावून काढतात.

पण नखं काढून टाकायच्या ऑपरेशनचा कोणी सल्ला दिला तर ऐकू नका. नावावरून वाटतं नख उपटतात, प्रत्यक्षात बोटाचं शेवटचं हाड सांध्यापासून कापतात, म्हणजे आपली दहाही बोटं शेवटच्या पेरापासून तोडल्यासारखं. नंतर पाठीची दुखणी, चावरेपणा, वाळूच्या ट्रेबाहेर घाण करणं हे अशा मांजरांत जास्त दिसतं, कारण कापलेल्या पंजांना वाळू टोचते. युरोपमधल्या पाळीव प्राण्यांविषयीच्या १९८७ च्या करारात यावर बंदी आहे, इस्रायलने २०११ मध्ये बंदी घातली, अमेरिकेत न्यूयॉर्क हे २०१९ मध्ये बंदी घालणारं पहिलं राज्य. सोफ्यासाठी कोणाची बोटं कापायची नसतात.

तेलांचंही सांगून ठेवते. संत्र्या-लिंबाचा वास मांजरांना आवडत नाही हे खरं आहे, म्हणून लोक सोफ्यावर त्याचं तेल शिंपडतात, आणि तेच मांजर अंग चाटताना पोटात जातं. मांजराच्या यकृताला ही तेलं नीट पचवून बाहेर टाकता येत नाहीत. टी ट्री ऑइल तर थोडंसुद्धा धोकादायक. डांबराच्या गोळ्या आणि कापूरही नको. दुकानातले मांजर पळवायचे स्प्रे जीवाला बहुधा धोका करत नाहीत, पण माझ्या अनुभवात वास दोन तासांनी जातो आणि मांजर तिसऱ्या तासाला येतं, पैसे खांबात घाला.

अजून फर्निचर घ्यायचंच असेल तर कापड बघून घ्या. ज्यात दोऱ्याचे फासे वर दिसतात, जाडं विणलेलं, गाठीगाठीचं, सैल विणीचं लिनन, ते सगळं मांजरासाठी फुकटचा खांब. घट्ट विणीचं मायक्रोफायबर आणि फासे नसलेलं मखमल बरं, नख अडकायला काही मिळत नाही म्हणून कंटाळतं. लेदरवर घासणं कमी होतं पण उडी मारताना पडलेले ओरखडे कायमचे. वेताचं फर्निचर मांजराच्या घरात आणणं म्हणजे आपणच आमंत्रण देणं.

काही ठिकाणचं गणित वेगळं असतं. सोफ्याच्या खाली पातळ काळं कापड स्टेपल केलेलं असतं, पिल्लं पाठीवर पडून त्याला नखं लावत अख्ख्या सोफ्याखालून सरपटत जातात, आणि एकदा भोक पडलं की आत शिरून झोपतात, वरून बसताना मांजर चेंगरायची भीती. सोफा उलटा करून तिथे जाड कॅनव्हास स्टेपल करा, अर्ध्या तासाचं काम आहे. बंद दारावर खरवडणं हे नखं घासणं नाहीच, ते दार उघडा असं सांगणं आहे, तिथे खांबाचा उपयोग नाही, एकतर दार उघडं ठेवा किंवा खालच्या अर्ध्या भागावर प्लास्टिकची शीट लावा आणि रात्री झोपायच्या आधी दमेपर्यंत खेळवा. पडद्यांवर चढणं पण खेळच, पिल्लाचं वय गेलं की बहुतेक वेळा आपोआप कमी होतं, तोवर पडदे वर बांधून ठेवा आणि चढायला दुसरं काहीतरी उंच द्या.

वर्षानुवर्षं खांबावर घासणाऱ्या मांजराने अचानक नव्या नव्या जागा, खिडक्यांच्या कडा, दाराच्या चौकटी फाडायला सुरुवात केली तर आधी घरात काय बदललं ते बघा. नवीन मांजर, नवीन माणूस, सामान हलवलं, खिडकीबाहेर कोणाचं तरी मांजर येऊन बसतं. फेरोमोनचे डिफ्युझर, म्हणजे मांजराला शांत करणारा वास हवेत सोडणारी छोटी यंत्रं मिळतात, ते काही घरांत मदत करतात, पण कारण तसंच राहिलं तर त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. आणि उलट, म्हातारं मांजर घासायचं बंद झालं तर सोफा वाचला म्हणून खूश होऊ नका, सांधे दुखत असतील म्हणून उभं राहता येत नसेल. त्याला आडवी पाटी द्या, नखं दर आठवड्याला तपासा, जाड होऊन गादीत घुसतात, आणि डॉक्टरला दाखवा.

आधीच जे फाटलंय त्यातले ओढले गेलेले दोरे कापू नका, कापले की वीण उसवत जाते. सुईने किंवा बारीक क्रोशाच्या सुईने दोरा कापडाच्या आतल्या बाजूला ओढून घ्या, लांब असेल तर आत गाठ मारा. लाकडावरचे ओरखडे त्याच रंगाच्या मेणाच्या कांडीने भरून कापडाने घासले तर बरेच लपतात. फोम बाहेर आला असेल तर मात्र त्या भागाला नवीन कापड चढवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते मांजर खांबाला रुळल्यावरच करा, आधी केलंत तर दोनदा कराल.

आणि खांब फाटून चिंध्या झाला, दोर लोंबायला लागला, पाहुण्यांसमोर लाज वाटायला लागली की लगेच टाकून नवीन आणू नका. तुम्हाला तो घाण दिसतो, मांजरासाठी त्याची खरी मजा आत्ता सुरू झालेली असते, नख छान रुततं आणि तिचा सगळा वास त्यात मुरलेला असतो. मी एकदा हौसेने नवाकोरा आणून जुना फेकला, दोघं त्या दिवशी संध्याकाळी परत सोफ्यापाशी. आता दोर बदलायचा झाला तर अर्धाच बदलते, खालचा अर्धा नवीन आणि वरचा जुना तसाच, दोन तीन महिन्यांनी मग वरचा.